भुंगीची पिवळी पूड

७ ऑगस्ट

जावईबापू आज बूट न काढताच स्वयंपाकघरात आले. एरवी पायपुसण्यावर पाय घासघासून पायपुसणं झिजवणारा माणूस! म्हणाले, बाबा, लेख घेतायत ते.

कुठला लेख, हे विचारायची गरज नव्हती. या घरात एकच लेख आहे. दवाखान्यातल्या पलंगावर बसून, हाताला सुई टोचलेली असताना, भुंगी त्यातली वाक्यं इकडची तिकडे करत होती. लेख पुरा झाला आणि त्याच आठवड्यात माझी लेक संपली. तेव्हापासून तो शास्त्राच्या त्या मासिकवाल्यांच्या दारात पडून होता. आता हो म्हणतायत. पहिलं नाव तिचं. मग जावयांचं. लॅबच्या मोठ्या सरांचं अगदी शेवटी – त्यांच्यात शेवटी असणं मानाचं असतं म्हणे. काय एकेक तऱ्हा.

पण एक अट घातलीय. प्रयोग पुन्हा एकदा करून दाखवा, जास्त वेळ चालवून. आणि भुंगीचं भांडं तर लॅब वरच्या मजल्यावर हलवताना तडकलं. म्हणजे नवं भांडं हवं. म्हणजे ते मी करायचं. जावईबापू हे बोलले नाहीत, स्वतःच्या बुटांकडे बघत उभे राहिले.

मी म्हटलं, आधी बूट काढा, मग बघू.

ती गेल्यापासून मी बर्नर पेटवलेला नाही.

९ ऑगस्ट

पेटवला.

मी काही काचकाम शिकलेला माणूस नाही. दुकानांच्या पाट्यांवर लाल-निळी दिव्यांची अक्षरं असायची, त्यांच्या नळ्या वाकवत जन्म गेला. कुणी शिकवलं नाही, फुटलेल्या नळ्यांनी शिकवलं. पुढे ते दिवे गेले, प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या, माझं दुकान बसलं. तेव्हा भुंगीच म्हणाली – बाबा, घरी बसून माश्या काय मारताय, माझ्या लॅबला भांडी करून द्या. म्हातारपणी पोरीच्या हाताखाली नोकरीला लागलो. वरिष्ठ फार कडक होत्या. सांधा जरा वाकडा दिसला की परत पाठवायच्या.

भांड्याला खिडकी क्वार्ट्झची लागते. साधी काच उजेडातला काही भाग अडवते, क्वार्ट्झ सगळा आत सोडतं. पण ते साध्या ज्योतीला भीक घालत नाही, त्याला हायड्रोजनची ज्योत लागते. आणि भांड्यात भुंगी करायची काय? तर उजेडाच्या जोरावर पाण्यातून हायड्रोजन काढायची! पहिल्या भांड्याला मी अख्खा सिलिंडर रिकामा केला आणि विचारलं, बाई, यातून आता किती निघेल? म्हणाली, दिवसभरात एका शिंकेएवढा. म्हटलं, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हसून हसून जमिनीवरच बसली. पुढे म्हणे मोठमोठ्या सभांत भाषणाच्या सुरुवातीला हेच सांगायची – माझे वडील म्हणतात म्हणून.

मला तिने समजावलं होतं ते असं. ऊन फुकट, पाणी फुकट. मध्ये एक चांगली पूड हवी – उजेड पिणारी आणि पाणी फोडणारी. त्यातून निघालेला वायू जाळला की परत पाणीच. धूर नाही, काजळी नाही. बाकीच्यांच्या पुडी उजेड थोडासाच पितात, आणि वर त्यांना प्लॅटिनमचा ठिपका लावावा लागतो, नाहीतर बुडबुडा सुटत नाही. प्लॅटिनम म्हणजे सोन्याच्या पंक्तीतलं. ते लागणार असेल तर हे इंधन साध्या माणसाच्या घरी कधी पोचायचं?

भुंगीची पूड पिकल्या लिंबासारखी पिवळी. उजेड भरपूर प्यायची. आणि प्लॅटिनमशिवाय चालायची. लेखात तेच आहे. तिचं नाव होणार ते त्यामुळेच.

१० ऑगस्ट

खिडकी जोडताना तडकली. हात कापत नाहीत. डोळे भरतात, आणि काळ्या चष्म्याच्या आत बोट घालता येत नाही.

१४ ऑगस्ट

भांडं झालं. स्वतः घेऊन गेलो, मांडीवर ठेवून, तान्ह्या बाळासारखं.

वायू मोजायच्या यंत्रावर बसणाऱ्या बाई तिथे होत्या. भुंगीची मैत्रीण. आम्ही घरी तिला मोजणीबाईच म्हणतो. जिभेला हाड नाही. भांडं उजेडात फिरवून बघितलं आणि म्हणाली, काका, एवढं देखणं झालंय, यात प्रयोग कशाला, फुलं ठेवू या. मग एकदम पाठ फिरवून यंत्राची कळ दाबत बसली. ते यंत्र चालू नव्हतं.

जावयांनी भुंगीचं बाकीचं सामान काढलं. त्यात ती कांडी. घेवड्याच्या दाण्याएवढी, आत चुंबक, वर पांढऱ्या प्लास्टिकचं कवच. ही भांड्याच्या तळाशी टाकायची. खालच्या पेटीतलं चुंबक फिरलं की ही आत गरगर फिरते आणि पूड तळाला बसू देत नाही. पांढरी म्हणायची आपली. ओरखडे पडलेले, रंग राखेसारखा, एक टोक तर काळंच. लॅबच्या सामाईक डब्यातली. त्यांच्यात पद्धतच तशी – काम झालं की धुवायची आणि परत डब्यात. कुणाची कुठली, काही नाही.

मी म्हटलं, नव्या भांड्यात हे ध्यान टाकणार? कोऱ्या कपड्यांखाली फाटक्या चपला! मी काचेत चुंबक बंद करून नवी करतो. जावईबापू म्हणाले, कशाला बाबा, स्वच्छ धुतलीय ती. पण मी ऐकतो कसला. पोरीचं शेवटचं काम. त्यात कुठे उणं राहायला नको.

१९ ऑगस्ट

आज प्रयोग. नवं भांडं, माझी काचेची कांडी, भुंगीच्या हातची पूड, दिवा. आत सगळं पिवळं फिरत होतं. सुंदर. मी काचेला गाल लावून बसलो होतो.

काही निघालं नाही. यंत्रावरची रेघ सपाट.

मोजणीबाई म्हणाली, पहिला दिवस आहे, भांडं रुसलं असेल.

२० ऑगस्ट

जावयांनी फार जपून विचारलं. बाबा, सांध्यातून कुठे बारीक गळत नसेल ना?

माझं डोकंच फिरलं. जन्मभर नळ्यांतून हवा उपसली आणि गळती मला विचारतात! म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. बोलून गेलो. माणूस ताटावरून उठला. लोक जावयाला दहावा ग्रह म्हणतात. आमच्याकडे ग्रह सासराच आहे.

मग एकटा बसून साबणाचं पाणी लावून एकेक सांधा तपासला. कुठेही गळत नाही.

इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार. तपासताना मनातून वाटत होतं की गळू दे. माझ्या हाताची चूक निघू दे. तिच्या हाताची नको.

२४ ऑगस्ट

दिवा बदलला. पाणी बदललं. जावयांनी भट्टीत पुडीचा नवा घाणा भाजला, तिच्याच पद्धतीने. रंग तोच. भुंगीच्या हातची बाटलीत आता तळाशीच उरलीय. ती वापरताना जावईबापू कागदाची घडी झटकून झटकून कण न कण पाडतात. मला बघवत नाही, मी बाहेर जाऊन उभा राहतो.

२६ ऑगस्ट

नाही.

२९ ऑगस्ट

आलं! मोजणीबाईचा फोन – काका, रेघ चढली हो, चढली! मागे जावयांचा आवाज. हसत होते बहुतेक. की रडत होते. दोन्ही आवाज सारखेच येतात त्यांचे.

झालं असं, की जावयांनी माझी कांडी काढून ती जुनी, काळ्या टोकाची टाकली. बस. बाकी सगळं तेच. भांडंही माझंच. माझी कांडी काचेची, जड, नीट फिरत नसणार आणि पूड तळाला बसत असणार. म्हणजे गाढव मीच. इतक्या आनंदाने गाढव कुणी झालं नसेल!

संध्याकाळी दोघं चहा घेत बसलो. जावईबापूंनी बिस्किटाचा अख्खा पुडा संपवला. मी म्हटलं, पुढच्या वेळी सासऱ्याने शहाणपणा केला तर त्याला बाहेर हाकला. म्हणाले, घर तुमच्या नावावर आहे बाबा.

१ सप्टेंबर

ताट तसंच झाकून ठेवून लिहायला बसलो.

मोजणीबाईला चैन पडत नव्हतं. तिने विचारलं, फक्त कांडीच बदलली ना? मग एकदा उलटं करा. कांडी तीच ठेवा आणि पूड बदला. जावयांनी बाजारची साधी पूड घातली – ज्यातून प्लॅटिनमशिवाय काहीही निघत नाही हे त्यांच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिच्यातून वायू आला. भुंगीच्या पुडीतून येतो तेवढाच.

मग बाजारातून पांढरीशुभ्र कोरी कांडी आणली, प्लास्टिकचीच, माझ्यासारखी जड नव्हे. भुंगीची पूड छान फिरली. काही आलं नाही.

जावयांनी मला टेबलाशी बसवून सांगितलं. हळूहळू, दवाखान्यातले डॉक्टर सांगायचे तसं. फार पूर्वी, भुंगी तिथे यायच्याही आधी, त्या लॅबमध्ये कुणीतरी प्लॅटिनमवर काम करत असणार. ही कांडी त्यात फिरली. प्लास्टिकच्या ओरखड्यांत ते जाऊन बसलं. धुऊन निघत नाही. तिचं ते काळं टोक म्हणजे तेच. डोळ्याला न दिसेल एवढंही पुरतं म्हणे. भुंगी बिचारी प्लॅटिनम लावत नव्हती, पण भांड्याच्या तळाशी ते गरगरत होतं. मोजणीबाई म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवला.

मी विचारलं, म्हणजे भुंगीची पूड –

ते चमचा टेबलाच्या कडेला सरळ लावत बसले. लावला तरी परत लावत होते.

२ सप्टेंबर

औषधांनी केस गेल्यावर डोक्याला रुमाल बांधून जायची ती. म्हणायची, बाबा, आज रेघ काल होती त्याहून वर गेली. मी म्हणायचो, जेवून घे. म्हणायची, रेघ वर गेली की पोट भरतं.

कुणाच्या तरी धुवायच्या राहिलेल्या घाणीने तिचं पोट भरत होतं.

४ सप्टेंबर

जावईबापूंना मासिकवाल्यांना कळवायचंय. लेख मागे घेतो म्हणून. ते मोठ्या सरांकडे गेले. सरांनी दार लावून घेतलं आणि समजूत घातली – नव्या भांड्यात जुन्या कांडीवर आकडे जुळले ना, तेवढेच पाठवा, कांडी कुठली होती हे कुणी विचारत नाही, कधी कुणी विचारलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वर म्हणाले, गेलेल्या पोरीची आणखी काय अब्रू घालवता?

जावईबापू मला म्हणाले, मी सरांना नाही म्हणून आलो. पण तुम्हाला विचारल्याशिवाय कळवलं नाही. वडील तुम्ही आहात.

त्यांना वाटलं असेल मी म्हणेन, कळवा. मलाही वाटलं होतं. मी आयुष्यात एक सांधा खोटा जोडला नाही. आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

म्हटलं, राहू दे.

"बाबा, ते खरं नाहीये."

"माहीत आहे."

"तिला कळलं असतं तर तीच पहिली –"

"ती नाहीये! तू आहेस, मी आहे. तुला दुसरी पूड सापडेल. मला दुसरी मुलगी सापडणार नाही. कुठेतरी एका ठिकाणी तिचं नाव छापलेलं राहू दे रे. मी काय मागतोय?"

तू म्हणालो. लग्न झाल्यापासून त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. जावई म्हणून अहोजाहो, वर चेष्टेत बापू. आज घरच्या मुलावर ओरडावं तसा ओरडलो, आणि घरच्या मुलाने ऐकावं तसं त्यांनी ऐकलं. खूप वेळ खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. समोरच्या घरातली बाई काच पुसत होती, ती पुसून आत गेली, तरी बघत होते.

मग म्हणाले, बरं.

११ सप्टेंबर

पाठवलं.

२८ सप्टेंबर

घरात भांडण नाही. तेच वाईट आहे. भाजी आणायची का – आणा. पंखा बंद करू – करा. आधी जेवताना भुंगीचं काहीतरी निघायचंच. ती कशी कांदा चिरताना पोहायचा चष्मा लावायची, लहानपणी माझ्या दुकानात गुणगुणत फिरायची म्हणून तिचं नाव भुंगी कसं पडलं, हे त्यांनी मला शंभरदा विचारलं असेल आणि मी शंभरदा सांगितलं असेल. आता विचारत नाहीत. मी आपणहून सुरू केलं तर मान हलवतात. पाहुण्यासारखी.

मी मनाची समजूत घालतो. कुणाचं काय बिघडलं? चोरी केली का? पोरीने प्रामाणिकपणे काम केलं, आकडे खरेच आले होते. पुढे कुणी शहाणा बघेल तेव्हा बघेल.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण माझं वय झालं. माझ्यापुरतं तरी थोडं उशिरा फुटावं.

१८ ऑक्टोबर

लेख छापून आला. मोजणीबाई कागदावर छापून घरी घेऊन आली. आत या म्हटलं, चहा टाकतो म्हटलं. बसली नाही. दारातूनच कागद पुढे केले आणि म्हणाली, घ्या काका, सव्वा लाख.

रागावू तरी कसा? दवाखान्यात भुंगीचे पाय चेपत बसायची ती.

आयुष्यभर लोकांची नावं काचेत वाकवली. चपलांच्या दुकानाची, औषधांच्या दुकानाची, एका दात काढणाऱ्याची. वाटायचं, आपल्या पोरीचं नाव कुठेतरी लागावं आणि लांबून दिसावं. आज ते पहिल्या ओळीत, पहिलं. त्यावर बोट ठेवलं. आणि खाली नजर गेली – प्लॅटिनमशिवाय. ते मथळ्यातच आहे. जाड अक्षरात.

कागद कपाटात ठेवले. मग कपाटातून काढून गादीखाली ठेवले. चोरीच्या मालासारखी जागा शोधत होतो.

३ नोव्हेंबर

बाजारात कुणीतरी ओळखीचे भेटले. तुमच्या मुलीचं मोठं नाव झालं म्हणे! हो म्हटलं. अभिमान वाटत असेल! हो म्हटलं. घरी येऊन बघतो तर पिशवीत फक्त बटाटे. बाकी सगळं घ्यायचं विसरलो.

१६ नोव्हेंबर

जावईबापू लॅब सोडतायत. लांबच्या एका गावी शाळेत शिकवायची जागा मिळालीय. वर्ष बदललं की जाणार.

मी आधी चेष्टेवर नेलं. म्हटलं, शाळेतली पोरं तुमच्या खिशातले खडू पळवतील. हसले नाहीत. मग विचारलं, माझ्यावर रागावून चाललात का? दोघंही गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. त्यांनी शर्टाच्या बाह्या नीट ओढून चिमटा लावला आणि सांगितलं.

"राग नाही बाबा. पण आता ती आठवली की मध्ये तो लेख येतो. ती हसताना आठवते आणि मला वाटतं, मी तिच्या नावाने खोटं बोललोय. पूर्वी निदान नीट आठवायची."

मी उरलेले कपडे वाळत घातले. तिचं नाव राखायला गेलो आणि या माणसाकडची ती काढून घेतली.

तरी मी म्हणालो नाही, की कळवा. जिभेवर आलं होतं. गिळलं. माझ्यासारखा चिवट म्हातारा नसेल.

९ डिसेंबर

थंडी. धुकं दुपारपर्यंत हटत नाही. खोक्यांत पुस्तकं भरायला सुरुवात झालीय. मी दोरी धरतो, ते गाठ मारतात.

२० डिसेंबर

आज दुपारी फोन आला. जावईबापू खोकी आणायला बाहेर गेलेले. मुलीचा आवाज, कोवळा, घाबरलेला. कुठल्याशा दुसऱ्या शहरातल्या लॅबमधून. आमच्या लॅबमधून घरचा नंबर मिळवला म्हणाली. जावयांशी बोलायचं होतं. मी म्हटलं, ते नाहीत, मी त्यांचा सासरा. लेख लिहिणारीचा बाप.

तर एकदम म्हणाली, काका, तुम्हीच ते, कोंबडी आणि मसाल्यावाले?

भुंगीचं भाषण तिने ऐकलं होतं. एका सभेत. त्या दिवसापासून तिला असंच काम करायचं होतं. तिने तिच्या सरांकडे हट्ट धरून भुंगीची पूड करायला घेतली. भाषण झालं तेव्हापासून करतेय. एकदाही वायू आला नाही. लेख आला तेव्हा त्यातली ओळन् ओळ पाळून केलं. नाहीच आलं. त्यांच्याकडे सगळं नवं कोरं आहे, भांडी नवी, दिवा नवा. सर म्हणतात, छापून आलंय, त्यांना जमलं, मग तुलाच का जमत नाही? बाकीचे तिला पांढऱ्या पायाची म्हणतात, हसण्यावारी, पण म्हणतात. आता महिनाअखेर सोडून घरी परत जायचं ठरवलंय. त्याआधी एकदाच विचारायचं होतं – ताई वेगळं काय करायच्या? लेखात लिहायचं राहिलेलं असं काही?

मला सगळं माहीत होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

मी म्हटलं, काय सांगू पोरी, आमच्या भुंगीला हातगुण होता.

मग म्हणाली, हो, असेल. मला वाटलंच होतं. माझ्या हाताला नाहीये तो. तुम्हाला त्रास दिला काका.

आणि ठेवला.

जावईबापू आले तेव्हा मी फोनजवळच बसलेला. त्यांनी विचारलं, कुणाचा होता? मी त्यांना सांगितलं. हातगुण म्हणालो तेही सांगितलं. ते रागावले नाहीत. खोकी भिंतीला टेकवून ठेवली आणि खाली जमिनीवर, माझ्या खुर्चीपाशी बसले. म्हणाले, कुणाची तरी भुंगीच असेल ती.

२१ डिसेंबर

सकाळी मीच तिला फोन लावला. जावईबापूंना समोर बसवून.

म्हटलं, पोरी, काल मी खोटं बोललो. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. आमच्या चुंबकाच्या कांडीला कुणाचं तरी जुनं प्लॅटिनम चिकटलेलं होतं, वायू त्याचा होता. तुझी कांडी कोरी आहे, म्हणून येत नाही. येणारही नाही. तुझं बरोबर आहे. तुझ्या सरांना जाऊन सांग. मासिकवाल्यांना आम्ही आज कळवतोय. तू कुठे जाऊ नकोस.

तिला रडू आलं ते मला ऐकू आलं. मग नाक ओढून, हळूच, मला दुखू नये अशा आवाजात तिने विचारलं – मग काका, ताईंची पूड?

पिवळी आहे, म्हटलं. नुसती पिवळी.